शिवलेल्या निऱ्या

नऊवारी लुगडे आता शिवून मिळते, या बातमीचा ज्यांना आनंद होतो त्यांच्याशी मला या दिवाळीत भांडायचे आहे. सणासुदीला भांडू नये, असे वडीलधारी माणसे सांगत आली. पण हे भांडण सणामुळेच उद्भवले आहे. वर्षभर ज्या लुगड्याची कुणाला आठवण होत नाही, ते दिवाळीच्या आठवड्यात एकाएकी सर्वांना आठवते. पाडव्याला ओवाळायचे असते, भाऊबीजेला छायाचित्र काढायचे असते, आणि त्यासाठी अंगावर काहीतरी ‘पारंपरिक’ हवे असते. मग दुकानात जायचे, कमरेचे आणि उंचीचे माप द्यायचे, आणि निऱ्या, ओचा, कासोटा सारे जागच्या जागी टाके घालून बसवलेला एक पोशाख पिशवीत घालून घरी यायचे. विजारीसारखे दोन पाय दोहोंकडे घालावेत, नाडी ओढावी, पदर खांद्यावर टाकावा. झाली परंपरा तयार!

मी राहते ते गाव अकोले. वऱ्हाडातले अकोला निराळे. हे प्रवरेच्या काठचे, अगस्ती ऋषींच्या आश्रमाचे, अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचे अकोले. आमच्याही बाजारपेठेत शिवलेल्या नऊवाऱ्या टांगलेल्या दिसतात याचे मला विशेष वाटते, कारण आमच्या तालुक्यात नेसायची नऊवारी अजून हयात आहे. आषाढात राजूर-भंडारदऱ्याच्या बाजूला गेलात, तर भाताची आवणी चाललेली दिसेल. वरून पाऊस, खाली गुडघाभर चिखल, आणि वडीलधाऱ्या बाया सकाळपासून कमरेत वाकून रोपे लावीत आहेत. लुगडे वर खोवलेले, कासोटा घट्ट. त्याला कुणी टाका घातलेला नसतो, आणि तो सुटलेला मी पाहिलेला नाही. नवरात्रात कळसूबाईच्या दर्शनाला जाणाऱ्या बायाही अशाच. १६४६ मीटर उंचीचे ते महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. त्याच्या लोखंडी शिड्या त्या नेसत्या लुगड्यानिशी चढतात आणि उतरतात.

तेव्हा शिवलेल्या नऊवारीच्या बाजूने पहिला मुद्दा मांडला जातो, ‘नेसलेले लुगडे सुटते’, त्याचे उत्तर आमच्या तालुक्याने केव्हाच देऊन ठेवले आहे. मागे माझ्या नातीच्या शाळेत स्नेहसंमेलन होते. मुलींचा एक नाच बसवला होता. शाळेकडून निरोप आला की मुलींना शिवलेली नऊवारीच घालून पाठवा, नेसवलेली चालणार नाही, ऐन वेळी सुटते. मी म्हटले, मी स्वतः येऊन पंधराही मुलींना नेसवून देते. त्यावर मला मिळालेले उत्तर फार नम्र होते, पण नकारच होता. त्या दिवशी पंधरा मुली रंगमंचावर आल्या. पंधराही जणींच्या निऱ्या सारख्या, पंधराही कासोटे सारखे, आणि पंधरांपैकी एकीलाही आपल्या अंगावर काय आहे ते कसे झाले हे ठाऊक नव्हते. शाळेत मुली शिकायला जातात ना?

माझा मुद्दा नीट समजावा म्हणून नेसण्याची क्रिया थोडक्यात सांगते. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. त्याला बाही नाही, गळा नाही, माप नाही, उलट-सुलट खालचा-वरचा एवढाच भेद. त्याचे एक अंग कमरेभोवती घेऊन पोटावर गाठ मारायची. दुसऱ्या टोकाचा पदर काढायचा. मध्ये जे कापड उरते ते बोटांवर घेऊन त्याच्या निऱ्या करायच्या आणि बेंबीपाशी खोवायच्या. मग खालचे काठ जुळवून ते दोन पायांमधून मागे न्यायचे आणि पाठीशी खोवायचे, हा कासोटा. पुढे उरलेला फुगवटा सारखा करायचा, हा ओचा. सवयीच्या हाताला याला पाच-सात मिनिटे लागतात. एवढ्या वेळात एक सपाट, लांबलचक, निराकार कापड चालते, बसते, वाकते, चढते असे वस्त्र बनते. संध्याकाळी गाठ सोडली की पुन्हा ते सपाट कापड. दोरीवर वाळत घाला, घडी करून फडताळात ठेवा, उद्या दुसऱ्या बाईने नेसावे. कापडाचे वस्त्र होते ते घडीमुळे, आणि वस्त्राचे कापड होते तेही घडी मोडता येते म्हणूनच. कात्री आणि सुई यांच्यावाचून हे स्थित्यंतर दररोज घडत आले, हे या लुगड्याचे खरे नवल आहे.

नवल म्हणते ते उगाच भावनेच्या भरात नाही. निरीच्या अंगी एक हिशेब असतो. पाऊल पुढे पडले की निरी उघडते, पाय स्थिरावला की मिटते. किती घेर हवा ते नेसणारीने ठरवायचे. आवणीला जायचे तर निऱ्या थोड्या आणि लुगडे आखूड. लग्नाला जायचे तर काठ घोट्यापर्यंत. सातव्या महिन्याच्या गरोदर लेकीला तेच लुगडे गाठ सैल करून पुरते, आणि आजारातून उठलेल्या सासूला तेच दोन निऱ्या जास्त घेऊन. सोळाव्या वर्षी घेतलेले लुगडे साठाव्या वर्षी अंगाला येत नाही, असे कधी झाले नाही. शिवलेल्या नऊवारीचे माप मात्र दिवाळीला घेतात आणि संक्रांतीला ते चुकलेले असते. शरीर बदलते, टाका बदलत नाही. मग बाईला वाटते की आपलेच काही चुकले, आपणच जाड झालो.

घडीची ताकद केवढी असते याचे आपल्या इतिहासातले सर्वांत मोठे उदाहरण महाडचे आहे. १९२७ च्या डिसेंबरात तेथे भरलेल्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना उद्देशून भाषण केले. लुगडे नेसण्याची तुमची जी रीत आहे ती तुमच्यावर अस्पृश्यतेची खूण म्हणून बसवलेली आहे, ती टाका आणि वरच्या जातींच्या स्त्रिया नेसतात तसे अंगभर नेसा, असे त्यांनी सांगितले. त्या बायांपैकी अनेकींनी महाड सोडण्यापूर्वीच नेसण बदलले. येथे क्षणभर थांबून विचार करा. नवे वस्त्र विकत घेण्याची ऐपत त्यांच्यापैकी कितीजणींची असेल? त्यांना नवे वस्त्र लागलेच नाही. तेच लुगडे, तेच सूत, तोच रंग. घडी तेवढी बदलली, आणि शतकांची एक खूण अंगावरून उतरली. त्यांची लुगडी जर कुणी जुन्या रीतीने शिवून दिलेली असती, तर त्या दिवशी काय झाले असते? जी घडी मोडता येते तिच्यात बंड करता येते. शिवणीत बंड करायला आधी कात्री शोधावी लागते, आणि कात्री बहुधा दुसऱ्याच्या हाती असते.

म्हणून मला ‘संस्कृतीचा अभिमान’ वगैरे सांगणाऱ्यांच्या पंक्तीत कुणी बसवू नये. नऊवारी हीच मराठी स्त्रीची ओळख, असे मी म्हणत नाही. विसाव्या शतकात आपल्या आया-मावश्यांनी कासोटा सोडून गोल नेसायला सुरुवात केली, नवाचे सहा आणि पाच वार केले, तेव्हा त्यांना घरातून आणि बाहेरून काय काय ऐकून घ्यावे लागले! तरी त्यांनी ते केले आणि चांगले केले. त्यापुढच्या मुलींनी सलवार-कमीज घातला, जीन घातली, त्याचेही मला वाईट वाटत नाही. जी मुलगी दिवाळीला जीन घालून ओवाळते ती खरी वागते. तिला जे सोयीचे आहे ते तिने निवडले आहे. माझे भांडण त्या पोशाखाशी आहे जो विजार असून लुगड्याचे सोंग घेतो. गोल साडीने कासोटा सोडला, पण नेसण्याची विद्या सोडली नाही. शिवलेली नऊवारी कासोटा दाखवते आणि विद्या काढून घेते.

‘पण वेळ कुठे आहे?’ हा दुसरा मुद्दा, आणि तो खोटा नाही हे मला मान्य आहे. नोकरी करणाऱ्या बाईची सकाळ कशी जाते हे मला कुणी सांगायला नको. परंतु शिवलेली नऊवारी रोज सकाळी कोण घालते? ती वर्षातून दोनदा घालायची वस्तू आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत मोटारसायकलवर, भाऊबीजेला दिवाणखान्यात. जिला दिवाळीच्या सकाळी अभ्यंगस्नान, फराळ, रांगोळी आणि तासभर छायाचित्रे यांना वेळ आहे, तिला सात मिनिटे नाहीत, हे मला पटत नाही. जिची बोटे संधिवाताने वळत नाहीत, जिला एका हाताने सारे करावे लागते, तिने जरूर शिवलेली घालावी. तिच्यासाठी ती सोय आहे आणि सोयीची टिंगल करणे मला आवडत नाही. पण धडधाकट बोटांच्या मुलींना आपण ती सोय देतो, तेव्हा त्यांची बोटे आपण फुकट घालवतो.

तिसरा मुद्दा शिवणाऱ्या बायांच्या पोटाचा. गावोगाव कित्येक जणी घरी यंत्रावर नऊवाऱ्या शिवून चार पैसे मिळवतात, त्यांच्या पोटावर पाय आणू नका, असे सांगण्यात येते. मी कशाला आणीन? माझे म्हणणे एवढेच की शिवायच्या मजुरीइतकीच नेसवायच्या मजुरीलाही आपण किंमत द्यावी. लग्नात मेंदी काढणारीला, केस बांधणारीला आपण मोजून पैसे देतो. मग ज्या म्हातारीला चार तऱ्हांनी लुगडे नेसवता येते तिला ‘जरा येऊन जा हो मावशी’ एवढ्यावर का बोळवतो? ती काम करते, आणि ते काम अवघड आहे. भारतभरच्या नेसण्याच्या रीती रता कपूर चिश्ती यांनी २०१० साली ग्रंथरूपाने मांडल्या. त्यांनी १०८ तऱ्हा नोंदवल्या. एकाच न शिवलेल्या कापडाच्या एकशेआठ! त्यातली एक तऱ्हा शिवून टाकून आपण म्हणतो, नऊवारी टिकवली.

आता कलावंतांकडे वळते, कारण त्यांनाही थोडे सुनावायचे आहे. जगात आज कापडाची घडी हा कलेचा मोठा विषय झाला आहे. प्रदर्शनांत चुण्या घातलेली, दुमडलेली, गाठी मारलेली कापडे भिंतींवर टांगतात आणि लोक दबकत दबकत त्यांच्यापुढून जातात. त्याला माझी हरकत नाही. व्हेनिसच्या मारिआनो फॉर्च्युनी याने १९०७ च्या सुमारास ‘डेल्फॉस’ नावाचा रेशमी झगा केला, त्याला शेकडो बारीक चुण्या असत. त्याची कृती त्याने अखेरपर्यंत गुप्त ठेवली आणि ती आजही पुरती कुणाला उलगडलेली नाही. पण त्या झग्याला पाणी लागले की चुण्या मोडत, आणि मग श्रीमंत मालकिणीला तो पुन्हा चुण्या घालण्यासाठी फॉर्च्युनीकडे परत पाठवावा लागे. आमच्या खाचरातल्या बाईच्या निऱ्या रोज मोडतात आणि रोज सकाळी ती स्वतःच घालते. या दोघींत स्वतंत्र कोण, ते तुम्हीच ठरवा.

जपानच्या इस्से मियाके यांचे काम मला याहून जास्त आदराचे वाटते. १९९३ साली त्यांनी ‘प्लीट्स प्लीज’ या नावाने चुणीदार कपडे बाजारात आणले. आधी कपडा हवा त्याच्या दुप्पट-तिप्पट मोठा शिवायचा, मग कागदांत धरून त्याच्या चुण्या करायच्या आणि उष्णतेने दाबायच्या. पॉलिएस्टरचा धागा तापला की नरम होतो आणि निवला की ज्या आकारात होता तोच धरून बसतो. म्हणून त्या चुण्या धुतल्या तरी जात नाहीत. सुताचे तसे नाही. सुताला ओल लागली की इस्त्रीची मोडसुद्धा सुटते, म्हणून सुती लुगड्याला रोज हात लावावा लागतो. मियाके यांनी नव्या धाग्याचा गुण ओळखला आणि त्यातून नवी वस्तू केली. ती किमोनोचे सोंग घेत नाही. आमच्या शिंप्यांनी आणि कारखानदारांनी अशी एखादी नवी वस्तू काढली, तर मी स्वतः पहिल्या दिवशी विकत घेईन. पण निरीच्या गुणावाचून निरीचा केवळ आकार शिवून देणे, यात शोध कसला?

आणि आपल्या इकडचे पाहा. मुंबईत जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी यांनी तागाच्या दोरांना हाताने गाठी मारून माणसाहून उंच शिल्पे उभी केली. २०१५ साली त्या गेल्या आणि २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. गाठ ही कला ठरली, योग्यच झाले. माझा प्रश्न एवढाच की जी गाठ पोटावर मारतात तिला आपल्या कलाविद्यालयांत काय जागा आहे? विणकामाचे शिक्षण आहे, छपाईचे आहे, भरतकामाचे आहे. पैठणी येवल्याची आणि नगरचे लुगडे पद्मशाली मागावरचे, हे मुलांना सांगतात. पण माग सोडल्यावर कापडाचे पुढे काय होते, त्याला रूप कोण देते, हे विचारले की सारे गप्प. कारण ते रूप देणारी बाई पगार घेत नाही, सही करत नाही आणि संध्याकाळी आपली कलाकृती मोडून वाळत घालते.

सुईशी माझे वैर नाही, हेही सांगून ठेवते. आपल्या घरांत सुईची जागा ठरलेली होती. लुगडे विरले की त्याची धडपी होत, धडपीही विरली की त्यांचे थर घड्या घालून एकावर एक रचत आणि मग सुई येई. त्याची गोधडी होई. नेसण्याचे दिवस संपल्यावर शिवण, असा तो क्रम होता. आणि नऊ वार अखंड कापड असल्याने त्याचे थर लागत. शिवलेल्या नऊवारीचे काय होणार? ती आधीच तुकडे करून जोडलेली. ती नात मोठी झाली की तिच्या अंगाला येत नाही, दुसरीला होत नाही, आणि फाटली की तिचे थर पडत नाहीत.

आमच्या तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आपणां सर्वांना ठाऊक आहेत. देशी वाणांचे बी जपल्याबद्दल त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. नऊवारी नेसलेल्या राहीबाईंची छायाचित्रे देशभर छापून आली आणि आम्हा अकोलेकरांची मान ताठ झाली. पण त्यांच्या कामाचे मर्म आपण समजून घेतले का? घरचे बी पेरले तर पीकही येते आणि पुढच्या वर्षीचे बीही येते. संकरित बियाण्याचे पीक डौलदार येते, पण पुढच्या वर्षी पुन्हा दुकानाच्या दारात उभे राहावे लागते. नेसता येणे हे घरचे बी आहे. आजीने आईला दिले, आईने लेकीला दिले, की ते संपत नाही. शिवलेली नऊवारी एकदाच उगवते.

तेव्हा या दिवाळीला माझी मागणी अगदी लहान आहे. तुमच्या घरात किंवा आळीत नेसता येणारी एक तरी बाई असेल. ती बहुधा सत्तरीच्या पुढे असेल. भाऊबीजेच्या दुपारी, जेवणे आटोपून सगळी सुस्तावली की फडताळातून एक जुने लुगडे काढा आणि घरातल्या मुलींना तिच्यापुढे उभे करा. मुलगे पाहायला बसले तर त्यांनाही फेटा बांधायला शिकवा. तोही आता टोपीसारखा तयार मिळू लागला आहे. पहिल्यांदा निऱ्या सुटतील, कासोटा ओघळेल, सगळी हसतील. हसू द्या. पुन्हा नेसायचे. तिसऱ्या खेपेला गाठ बसते, असा माझा अनुभव आहे. मात्र हे पुढच्या दिवाळीवर टाकू नका, कारण शिकवणारीच्या वयाचा हिशेब आपल्यापैकी प्रत्येकाला करता येतो.